गावकुसाबाहेरून सुरू होणारा तमिळ सिनेमा : पा. रंजित समजून घेताना

धारावीच्या पुनर्विकासाची बातमी आली की माझ्या ओळखीच्या एखाद्या ग्रुपवर हमखास 'काला'मधला तुकडा फिरू लागतो. काळी लुंगी, काळा शर्ट, पांढरी दाढी आणि समोर पांढऱ्या कपड्यांत नाना पाटेकर. खाली कुणीतरी विचारतं, "हा रजनीकांतचा सिनेमा आहे की भाषण?" दुसरा म्हणतो, "डायरेक्टर कोण आहे याचा?"

डायरेक्टरचं नाव पा. रंजित. 2012 पासून त्याने मोजकेच सिनेमे केले, पण तमिळ सिनेमाबद्दल बोलताना आता रंजितच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन भाग सहज पाडले जातात. त्याच्या सिनेमांत मारामारी आहे, गाणी आहेत, सुपरस्टार आहे, आणि तरी काहीतरी वेगळंच चालू आहे असं पाहताना वाटत राहतं. ते वेगळं म्हणजे जमीन. कोण कुठे राहतो, कोण कुठे उभा राहू शकतो आणि कुणाला कुठून हटवलं जातं, हा एकच प्रश्न तो सिनेमामागून सिनेमा विचारत आला आहे. हे धरून बघितलं की त्याची सगळी कारकीर्द एका ओळीत लागते.

आधी दोन शब्द : ऊर आणि चेरी

तमिळनाडूतल्या पारंपरिक गावाचे दोन भाग असतात. 'ऊर' म्हणजे मुख्य गाव. 'चेरी' म्हणजे दलितांची वस्ती, गावापासून अंतर ठेवून वसलेली. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरजच नाही. 'गावकूस' हा शब्द आपल्याकडे आहे, आणि 'गावकुसाबाहेर' म्हटलं की काय म्हणायचंय ते दलित साहित्याने आपल्याला पन्नास वर्षांपूर्वीच शिकवलंय. चेरी म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती.

आता 'पा.' कुठून आलं? तमिळनाडूत बहुतेक लोक आडनाव लावत नाहीत. वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर आधी आणि स्वतःचं नाव नंतर. जातीवरून पडलेली आडनावं गळावीत यासाठी जातिविरोधी नेते पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीने मोठा जोर लावला होता. त्यामुळे तिथे नावावरून जात कळत नाही. आपल्याकडे आडनाव ऐकलं की समोरच्याच्या डोक्यात हिशोब सुरू होतो, तसा तिथे होत नाही. तिथे विचारतात, "कुठल्या गावचा? गावात घर कुठे?" म्हणजे जात पत्त्यात लपलेली असते. रंजितचे सिनेमे पत्त्याबद्दल इतकं का बोलतात, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

पेरियार झाले, मग जात उरली कशी?

ही शंका अगदी रास्त आहे. 1967 मध्ये पेरियारांच्या चळवळीतून निघालेला द्रमुक हा पक्ष सत्तेवर आला आणि पुढची अनेक दशकं तिथे द्रविड पक्षांचंच राज्य राहिलं. शिवाय हे राजकारण सिनेमातूनच वर आलं. पुढे मुख्यमंत्री झालेले अण्णादुरै आणि करुणानिधी पटकथा लिहायचे, नट एमजीआर तर पडद्यावरून मुख्यमंत्रिपदापर्यंत गेले. ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्ध या लोकांनी केलेलं काम खरं आणि मोठं आहे.

पण ब्राह्मणाची खुर्ची हलली म्हणून चेरीतल्या माणसाला ऊरमध्ये जागा मिळाली असं झालं नाही. ज्या मधल्या जातींकडे जमिनी होत्या त्यांचं वजन वाढलं. आपल्या ग्रामीण भागात सहकार, साखर कारखाने आणि जिल्हा परिषदा कुणाच्या हातात गेल्या हे आठवलं तर हे चित्र ओळखीचं वाटेल. सिनेमातही तेच उतरलं. 1990 च्या दशकात 'चिन्न गौंडर', 'तेवर मगन' असे जातीचं नाव थेट शीर्षकात घेतलेले सिनेमे तुफान चालले. 'तेवर मगन' हिंदीत 'विरासत' झाला, तो आपण सगळ्यांनी बघितला आहे. अशा सिनेमांत गावचा मोठा माणूस न्याय करतो, मिशीवर हात फिरवतो, आणि कडेला हात जोडून उभी असलेली माणसं कोण, त्यांचं घर कुठे, हे कुणी विचारत नाही.

रंजित त्या कडेच्या माणसांतून आला. चेन्नईच्या पश्चिमेला आवडीजवळचं कारलपाक्कम हे त्याचं गाव. चेन्नईच्या सरकारी कला महाविद्यालयात तो चित्रकला शिकला. मग तमिळ सिनेमाच्या रीतीप्रमाणे असिस्टंट म्हणून उमेदवारी केली; वेंकट प्रभूच्या 'चेन्नई 600028' (2007) या गल्ली क्रिकेटवरच्या सिनेमात तो असिस्टंट होता. चित्रकलेची गोष्ट लक्षात ठेवा. त्याच्या सिनेमांत रंग बोलतात, आणि पुढे एका सिनेमात तर एक भिंतच मुख्य पात्र होते.

भिंत

'अट्टकत्ती' (2012) हा पहिला सिनेमा. नावाचा अर्थ पुठ्ठ्याचा सुरा, दिसायला धारदार पण कापत काहीच नाही असा. चेन्नईच्या हद्दीबाहेरच्या वस्तीतला एक पोरगा सारखा प्रेमात पडतो आणि तोंडघशी पडतो, एवढीच गोष्ट. भाषण कुठेही नाही. पण वस्ती, बस, घरातली भांडणं, गाणी या सगळ्याला रोजच्या जगण्याचा वास आहे. दलित घरातला मुलगा पडद्यावर आला की तो मार खाणार किंवा मरणार, असं गृहीत धरलेलं असायचं. इथे तो फक्त प्रेमात पडतो. मला हे पहिलं पाऊल फार महत्त्वाचं वाटतं. दुःखाच्या आधी त्याने आनंदाचा हक्क मागितला.

'मद्रास' (2014) मध्ये गोष्ट शहरात येते. उत्तर चेन्नई हा बंदर, गोदामं, कारखाने आणि कामगारांचा भाग. तमिळ सिनेमात उत्तर चेन्नई म्हणजे गुंड, सुरे आणि शिवीगाळ असंच समीकरण होतं. रंजितने तिथल्या हाउसिंग बोर्डाच्या चाळवजा इमारती घेतल्या. आयटीत नोकरी करणारा काली, राजकारणात उतरलेला त्याचा जिवलग मित्र अन्बु, फुटबॉल खेळणारी पोरं, नळावरची भांडणं. आणि मधोमध एक मोठी भिंत. त्या भिंतीवर एका पुढाऱ्याचं चित्र रंगवलेलं आहे आणि ती भिंत कुणाची, यावरून दोन गटांत वर्षानुवर्षं मुडदे पडत आलेत.

बाहेरच्याला वाटेल, भिंतीसाठी कुणी जीव देतं का? आपल्या चौकातला फ्लेक्स आठवा. कुणाचा फोटो मोठा, कुणाचा कोपऱ्यात, वरून खाली नावांचा क्रम काय, यावरून किती डोकी फुटतात. ज्याला त्या वस्तीची मतं हवीत त्याला ती भिंत हवी. भिंतीमागे राहणारी माणसं मात्र त्याला नको असतात. अन्बुचा खून होतो, आणि आपण एका भिंतीसाठी एकमेकांना मारत राहावं यातच कुणाचा तरी फायदा आहे, हे कालीला उमगतं.

'फॅन्ड्री'च्या शेवटाकडे पकडलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन कुटुंब चाललेलं असतं आणि मागच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रं असतात, तो प्रसंग मराठी प्रेक्षक विसरूच शकत नाही. 'फॅन्ड्री' 2013 चा, 'मद्रास' 2014 चा. दोन भाषांतले दोन दिग्दर्शक जवळपास एकाच वेळी भिंतीकडे बघत होते. एकाने ती चालत्या माणसांच्या मागे ठेवली, दुसऱ्याने अख्खी गोष्टच तिच्यासमोर उभी केली.

मग रजनीकांत कशासाठी?

"एवढा प्रामाणिक दिग्दर्शक, मग सुपरस्टारच्या मागे का लागला?" हा आक्षेप तमिळनाडूतही घेतला गेला. मी त्याकडे असं बघतो : जत्रेला लाखभर माणूस येतं. ते देवासाठी, पाळण्यासाठी, भेळीसाठी येतं. तिथे कुणी पुस्तकांचं दुकान मांडलं तर येणाऱ्यांतले दहा टक्के तरी पुस्तक हातात घेतील. तेच दुकान एकाकी माळावर मांडलं तर आधीच वाचणारे चारजण येतील. रजनीकांतचा सिनेमा ही जत्रा आहे.

'कबाली' (2016) मध्ये त्याने पहिला घाव नावावरच घातला. जुन्या तमिळ सिनेमात 'कबाली' हे व्हिलनच्या हाताखालच्या गुंडाचं नाव. गालावर मस, वाकडी मिशी, लुंगी, आणि मालकाने हाक मारली की कमरेत वाकून हजर. रंजितने ते नाव रजनीकांतला दिलं, अंगावर कडक सूट चढवला आणि तो कबाली मी नव्हे असं पडद्यावरून म्हणायला लावलं. नाव तेच ठेवून त्याची पत पालटायची ही कल्पना सोपी आहे आणि तितकीच जहाल. सूटही नुसता स्टाईलसाठी नाही. बाबासाहेब कोट का घालायचे याचा संदर्भ संवादातच येतो. कथा मलेशियातल्या तमिळांची आहे, रबराच्या मळ्यांत मजूर म्हणून नेलेल्यांच्या पुढच्या पिढ्यांची. कबालीच्या बायकोच्या भूमिकेत आपली राधिका आपटे आहे. सिनेमा म्हणून तो मला विस्कळीत वाटतो. नवराबायको एकमेकांना पुन्हा शोधतात तो भाग सुंदर आहे, आणि टोळीयुद्धाचा उत्तरार्ध रेंगाळतो.

स्टार घेण्याची किंमतही रंजितने मोजली. 'काला' जून 2018 मध्ये आला. त्याआधी मे महिन्यात तूत्तुकुडीत तांबं वितळवणाऱ्या कारखान्याविरुद्धच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि 13 माणसं मेली. रजनीकांत तिथे जाऊन आले आणि आंदोलनात समाजकंटक घुसले होते असं म्हणाले. सगळ्याच गोष्टींसाठी आंदोलनं होत राहिली तर तमिळनाडूचं स्मशान होईल, असंही म्हणाले. आठवडाभरात त्याच रजनीकांतचा सिनेमा पडद्यावर लोकांना रस्त्यावर उतरायला सांगत होता. जत्रेतल्या दुकानावर देवळाच्या ट्रस्टींचा ताबा नसतो, पण जत्रेतला गोंगाट दुकानात शिरतोच.

'काला' मराठी माणसाविरुद्ध आहे का?

हा प्रश्न आपल्याकडे विचारला जाणारच. मुंबईत घडणारी गोष्ट, नायक काला तमिळ आणि खलनायक हरीदादा अभ्यंकर, म्हणजे नाना पाटेकर. वरवर बघितलं तर दक्षिणेकडून आलेलं उत्तर वाटतं.

पण नीट बघा. धारावीतले तमिळ लोक मोठ्या संख्येने तिरुनेलवेली भागातून आले आणि चामडं कमावण्याच्या कारखान्यांत राबले. खाडीकाठची दलदल माणसाने राहण्याजोगी केली ती अशा अनेक मुलखांतून आलेल्या लोकांनी, आणि त्यांत मराठी माणसंही होती. 'काला'मध्ये ती दिसतात. वस्तीच्या बाजूने लढणारी तरुण कार्यकर्ती पुयल हिचं नाव चारुमती गायकवाड. पुयल म्हणजे वादळ. ही भूमिका अंजली पाटीलने केली आहे. पोलीस तिला गाठतात, तिचे कपडे ओढतात, आणि ती जमिनीवर पडलेल्या कपड्याकडे हात न नेता शेजारची काठी उचलते. आपल्या सिनेमात अशा प्रसंगी बाई अंग झाकते, रडते, नाहीतर नायकाची वाट बघते. इथे लाजेचं ओझं ती त्यांच्याकडेच ठेवते आणि लढायला उभी राहते. कितीही वेळा बघितलं तरी या क्षणी माझे डोळे भरून येतात.

आणि खुद्द रजनीकांत कोण? बेंगळुरूतल्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड. म्हणजे पडद्यावर एक मराठी मुळाचा माणूस तमिळ पुढारी होऊन मुंबईतल्या वस्तीसाठी लढतो आणि त्याच्या बाजूला एक गायकवाड मुलगी उभी आहे. हे भांडण भाषेचं नाहीच. हरीदादाला शहर 'स्वच्छ' करायचंय, त्याचा बिल्डर 'मनू' नावाने व्यवहार करतो, आणि वस्तीवर हल्ला होतो तेव्हा त्याच्या घरी रामायणाचा पाठ चालू असतो. सत्तेला जमीन म्हणजे वर्चस्व, राहणाऱ्याला जमीन म्हणजे जगणं, एवढाच झगडा आहे. शेवटी पडदा काळ्या, लाल आणि निळ्या रंगांनी भरून जातो : पेरियारांचा काळा, कम्युनिस्टांचा लाल, आंबेडकरांचा निळा. तिथे चित्रकला शिकलेला मुलगा बोलतो.

"सगळीकडे जातच का दिसते याला?"

हा सर्वांत जास्त वेळा येणारा आक्षेप. याला उत्तर म्हणून 'सारपट्टा परंबरै' (2021) बघावा, कारण त्यात जातीचं नाव फारसं कुणी घेतच नाही.

'परंबरै' म्हणजे परंपरा, पण इथे अर्थ आपल्या 'घराण्या'च्या जवळ जातो. गाण्याची घराणी असतात, कुस्तीच्या तालमी असतात, तशी उत्तर चेन्नईत बॉक्सिंगची घराणी होती. इंग्रजांच्या वेळी आलेला हा खेळ बंदरातल्या कामगारांनी आपलासा केला. कोल्हापूरच्या तालमींतली चुरस ज्याने बघितली असेल त्याला हा सिनेमा लगेच पटेल : वस्ताद, त्याचे पठ्ठे, त्याचा मान, आणि दुसऱ्या तालमीकडून हरलो तर गल्लीत तोंड दाखवायची पंचाईत.

कबिलन हा हमाली करणारा पोरगा. रंगन वाद्यार हे सारपट्टा घराण्याचे वस्ताद. त्यांनी आपल्याकडे बघावं म्हणून तो झुरतो. त्याने रिंगणात उतरू नये म्हणून आई त्याला झोडपते, कारण याच नादात त्याच्या बापाचा जीव गेलेला असतो. संधी आली की घराण्यातलेच काही लोक कुरकुरतात : हा? आमच्या घराण्याची इज्जत हा राखणार? जात उच्चारलेली नाही, पण त्या 'हा'मध्ये ती भरलेली आहे. त्याच्या घरातल्या तसबिरी आणि इतरांच्या बोलण्यातली खोच बघितली की पत्ता लागतो. पुढे तो जिंकायला आलेला असताना रिंगणात घुसून त्याला मारतात, त्याचे कपडे फाडतात. मानाच्या जागी उभं राहिलेल्या माणसाला सगळ्यांसमोर नागवं करणं ही फार जुनी शिक्षा आहे. रंजितने फक्त तिला 1970 च्या दशकातल्या बॉक्सिंगच्या रिंगणात आणलं.

त्याच वेळी आणीबाणी चालू आहे. 31 जानेवारी 1976 ला करुणानिधींचं सरकार बरखास्त होतं, द्रमुकचे रंगन वाद्यार तुरुंगात जातात, आणि आधार सुटलेला कबिलन दारूच्या धंद्यात घसरतो. राजकारण इथे भाषणातून येत नाही. ते वस्ताद उचलून नेतं आणि पोरगा वाया जातो.

जात सगळीकडे दिसते, कारण ती सगळीकडे आहे. ज्याला कुठेही उभं राहिलं तरी कुणी हटवत नाही त्याला जमीन दिसत नाही. ज्याला उठवतात त्याला ती आधी दिसते. प्रचाराचा आरोप मला 'काला'च्या काही संवादांपुरता मान्य आहे. तिथे पात्रं बोलायची थांबतात आणि दिग्दर्शक बोलू लागतो. 'नच्चत्तिरम नगरगिरदु' (2022) मध्ये नाटकमंडळीतल्या लांबलचक चर्चा आहेत, त्यात मी दोनदा कंटाळलो. पण जातीचा गर्व मिरवणाऱ्या सिनेमांना कुणी प्रचार म्हटलं नव्हतं, हेही विसरता येत नाही.

जमिनीचा कागद

आता मुळाशी जाऊ. 1891 च्या सुमाराला चेंगलपट्टूचा कलेक्टर ट्रेमेनहियर याने अस्पृश्यांच्या हलाखीवर सरकारला अहवाल दिला. त्याचं म्हणणं असं की या लोकांकडे जमीन नाही, हेच त्यांच्या गुलामीचं मूळ आहे. त्यातून 1892 पासून मद्रास इलाख्यात त्यांना जमिनी देण्याची योजना आली. ह्या 'पंचमी' जमिनी. पंचम म्हणजे चार वर्णांबाहेरचे. आकडा सांगितला जातो 12 लाख एकरांचा. इतरांना विकायची नाही अशी अट होती. तरी त्यातली बरीच जमीन कर्ज, दमदाटी आणि बनावट कागदांच्या वाटेने दुसऱ्यांकडे गेली, आणि ती परत मागणारी आंदोलनं आजही होतात.

आपल्याकडची महार वतनाची जमीन आठवते. दोन्हींत फरक आहे. वतन गावकीच्या चाकरीला बांधलेलं होतं, म्हणून तर बाबासाहेबांनी ते मोडायला 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं. पण सातबारावर नाव कुणाचं आणि शेतात उभा कोण, हा घोळ दोन्हीकडे सारखा.

हे माहीत असलं की 'तंगलान' (2024) उलगडतो. एकोणिसाव्या शतकात स्वतःची शेती असलेला तंगलान पीक जळून कर्जात बुडतो आणि जमीन जमीनदाराकडे जाते. ती सोडवायला तो एका इंग्रजामागे कोलारच्या सोन्याच्या शोधात निघतो. सोनं म्हणजे त्याच्यासाठी दागिना नव्हे, जमिनीचा कागद. मिथक, स्वप्न आणि इतिहास यांची इतकी गर्दी आहे की सिनेमा मधेच गुदमरतो. तरी पहिल्यांदाच पोलकं हातात आलेल्या बायका हसत, एकमेकींना निरखत ते घालून बघतात, तो प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही.

सिनेमाबाहेरही रंजित हेच बोलतो. 2019 मध्ये कुंभकोणमजवळच्या एका सभेत तो म्हणाला की राजराज चोळाच्या काळात दलितांच्या जमिनी गेल्या. चोळ राजा म्हणजे तमिळांचा मानबिंदू. गुन्हा दाखल झाला आणि त्याला अटकपूर्व जामीन घ्यावा लागला.

एकट्याची कारकीर्द नव्हे

दिग्दर्शकाची कारकीर्द त्याच्या सिनेमांवर मोजतात. रंजितच्या बाबतीत दुसऱ्यांचे सिनेमेही मोजावे लागतात. त्याच्या 'नीलम प्रॉडक्शन्स'ने मारी सेल्वराजचा पहिला सिनेमा 'परियेरुम पेरुमाळ' (2018) काढला, पुढे 'रायटर', 'सेत्तुमान', 'ब्लू स्टार', 'जे बेबी'. बहुतेक नवे दिग्दर्शक. असिस्टंट पोरांना बसून वाचायला चेन्नईत 'कूगै' नावाचं वाचनालय काढलं. कूगै म्हणजे घुबड. 'वानम' कलामहोत्सव सुरू केला. 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड उभा राहिला, ज्यात उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतलं 'गाना' हे लोकसंगीत, रॅप आणि परै एकत्र वाजतात. परै म्हणजे आपल्या हलगीचं भावंड, मयतीला वाजवायचं म्हणून हिणवलेलं वाद्य. बँडचं नाव तमिळ दलित विचारवंत पंडित अयोत्तीदासांच्या 'जात नसलेले तमिळ' या शब्दांवरून घेतलं आहे. अयोत्तीदासांनी 1898 मध्ये, म्हणजे नागपूरच्या 1956 च्या धम्मदीक्षेच्या कितीतरी आधी, बौद्ध धम्म स्वीकारला होता.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे. मुंबईत 1972 मध्ये दलित पँथर निघाली, तिच्यापासून स्फूर्ती घेऊन मदुराईत दलित पँथर्सची संघटना उभी राहिली आणि तिचाच पुढे थोल तिरुमावळवन यांचा 'विडुदलै चिरुत्तैगळ कच्चि' हा राजकीय पक्ष झाला. चिरुत्तै म्हणजे बिबट्या.

कुठून सुरुवात करावी

पहिल्यांदा 'सारपट्टा' बघा, तमिळमध्येच, खाली सबटायटल्स लावून. डबिंगमध्ये उत्तर चेन्नईची बोली मरते. डान्सिंग रोज नावाचा एक मुष्टियोद्धा त्यात आहे, त्याच्या पायांकडे बघत राहाल. मग 'मद्रास', मग 'अट्टकत्ती'. 'तंगलान' सवडीने. 'काला' शेवटी बघा. त्यात हरीदादा कालाच्या घरी येतो, त्याला पाणी दिलं जातं आणि तो ते पीत नाही. तिथे थांबवा आणि तो प्रसंग पुन्हा लावा.